व्हर्जिन उतरलं, मग भंगार का उतरत नाही?

वाचकांचे प्रश्न

या वेळी प्लास्टिकच्या भावांवर बरीच पत्रं आली. चिकलठाण्याच्या एमआयडीसीत भंगार प्लास्टिक वितळवून त्याचा दाणा काढण्यात आणि विकण्यात माझं आयुष्य गेलं, म्हणून संपादकांनी सगळा गठ्ठा माझ्याकडे सरकवला. पत्रलेखकांची नावं छापत नाही. आपल्याकडं धंदा आणि गाव एवढं सांगितलं तरी माणूस कोण ते कळतंच. उत्तरांत हिशेबाला धरलेले भाव समजावण्यापुरते आहेत, त्यांवर कुणी सौदा करू नये.

जालन्याजवळचे एक युनिटवाले लिहितात : जुन्या ठिबकच्या नळ्या घेऊन आम्ही काळा दाणा काढतो. कंपन्यांनी व्हर्जिनचा, म्हणजे कोऱ्या दाण्याचा, भाव उतरवला की दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाचा फोन, 'दाणा कमी करा.' भंगारवाला मात्र रुपया सोडंना. दोन्हीकडून आम्हीच मरायलो. हे असं का होतं?

दादा, तुमच्या मालाला स्वतःचा असा भाव नाही, हे आधी मान्य करा. विक्रीचा भाव व्हर्जिनकडं बघून ठरतो आणि खरेदीचा भाव ठरवतो भंगारवाला. मधे जे उरेल ते तुमचं.

तुमचं गिऱ्हाईक घमेली करणारं असो, कुंड्या करणारं असो की काळा पाइप काढणारं, ते भाव बघत नाही, फरक बघतं. व्हर्जिन आणि रिप्रो (भंगारापासून काढलेला दाणा) यांच्यात किलोला चाळीस रुपयांचा फरक असला तर तो वास सहन करतो, मशीनमधली कचरा अडवणारी जाळी दिवसातून चारदा बदलतो, दहा नग फुटले तरी बोलत नाही. तोच फरक वीसवर आला की त्याला तुमच्या दाण्यात खडे दिसायला लागतात. मग तो व्हर्जिन नाही तर कंपनीचा ऑफ-ग्रेड माल उचलतो. ऑफ-ग्रेड म्हणजे कारखान्यात ग्रेड बदलताना निघालेला, मोजमापात न बसलेला पण कोरा माल. तुमचा खरा स्पर्धक तो आहे. शेजारचा दाणेवाला नव्हे.

व्हर्जिन उतरतं ते आपल्या हातातलं नाही. चीननं गेल्या काही वर्षांत पीपी (पॉलिप्रोपिलीन) आणि पीई (पॉलिइथिलीन, तुमच्या नळीचं प्लास्टिक) यांचे कारखाने इतके उभे केले, की जो देश जगाचा मोठा गिऱ्हाईक होता तोच पीपी बाहेर विकायला लागला. अमेरिका आणि आखाती देशांत गॅसपासून स्वस्तात पीई निघतं, तेही कुठंतरी खपवायचंच असतं. आपल्या कंपन्यांचा माल नागोठण्याचा असो, जामनगरचा असो की पानिपतचा, दरपत्रक काढताना त्या बाहेरचा माल बंदरात कितीला पडतो तेच बघतात. हे कळायला वेळ लागत नाही. दरपत्रक निघालं की तासाभरात ते प्रत्येकाच्या मोबाइलवर असतं.

भंगाराची चाल वेगळी. नळी शेतातून निघते, गावातला फेरीवाला घेतो, तालुक्याचा भंगारवाला साठवतो, मग जालन्याच्या गोडाऊनला येते. आज तुमच्या दारात आलेली नळी कुणीतरी महिना-दोन महिन्यांपूर्वी जुन्या भावानं घेतलेली असते. तोटा खाऊन विकायला त्याला काय पडलंय? नळी काही कुजत नाही, तो थांबतो. त्यातून तुमचं गाव जालना. लोखंडाच्या भंगाराला मिलचं गिऱ्हाईक तिथं दाराशी आहे. प्लास्टिकचा भाव पाडला की फेरीवाला गाड्यावर आधी लोखंड घेतो, मग पुठ्ठा, आणि जागा उरली तर तुमची नळी. म्हणजे भाव पाडला तर माल स्वस्त मिळत नाही, मिळेनासाच होतो. पावसाळ्यात तर गोळा करणंच थांबतं आणि जो येतो तो ओला, म्हणजे पाण्याचेही पैसे.

आता हिशेब. नळी ३२ रुपये किलो धरा. शंभर किलोतून ८५ किलो दाणा निघाला तर दाण्यावर भंगाराचा खर्च पडला ३७ रुपये ६५ पैसे. धुलाई, वीज, मजुरी, जाळी, गाडीभाडं मिळून १६ धरू. झाले ५३ रुपये ६५ पैसे. ६० ला विकला तर सहा-सव्वासहा सुटतात. गिऱ्हाइकानं ५४ वर आणलं की संपलं. पुन्हा तेवढेच सोडवायचे तर नळी २७ च्या आसपास मिळायला पाहिजे, आणि भंगारवाला पाच रुपये सोडणार नाही, हे तुम्हीच लिहिलंय.

पण आता दुसरी बाजू बघा. भाव तेच ठेवा आणि ८५ ऐवजी ७५ किलो दाणा निघाला असं धरा. भंगाराचा खर्च ४२ रुपये ६७ पैशांवर जातो आणि ६० ला विकूनही हातात सव्वा-दीड रुपया राहतो. विक्री पाच रुपयांनी पडल्यावर जे व्हायचं तेच झालं. गिऱ्हाइकाच्या फोनची आपण धास्ती घेतो, पण गोणीतल्या घटीकडं कुणी बघत नाही.

आपल्या भागातल्या नळीत घट कशानं येते ते सांगतो. बोअरचं पाणी जड. नळी उभी चिरून बघा, आत पांढरा थर असतो. शेतकऱ्यानं नळी साफ करायचा ॲसिडचा डोस चुकवला असेल तर हा क्षार नखानं खरवडून निघतो. तो तुम्ही नळीच्याच भावानं घेता आणि तो धुऊनही पुरता जात नाही. दुसरं, प्रेशर कॉम्पेन्सेटिंग (दाब कमी-जास्त झाला तरी सारखं पाणी सोडणाऱ्या) ड्रिपरच्या पोटात सिलिकॉनची बारीक चकती असते. ती वितळत नाही, जाळीत जाऊन बसते. अशी नळी आली की वेगळी काढा आणि वेगळा भाव सांगा. गाडी उतरवण्याआधी चार ठिकाणची मिळून दहा किलो नळी काढा, चिरून, धुऊन, वाळवून पुन्हा वजन करा. भंगारवाल्याला समोर उभं करूनच करा. भाव पाडून मागितला तर तो भांडतो. काट्यावर दाखवलं तर कुरकुरतो, पण ऐकतो.

दाणाही फोडून बघत जा. आत पोकळी दिसली तर माल ओला चढवलाय. गिऱ्हाइकाच्या नगावर चांदीसारखे ओरखडे येतात ते त्यामुळंच, आणि पुढच्या फोनला तेच कारण मिळतं.

राहिला जीएसटी. १ ऑक्टोबर २०२१ पासून प्लास्टिकच्या भंगारावर पाचाचे अठरा टक्के झाले. बिलावर घेतलं तर वजावट मिळते, पण भांडवल अडकतं. बिलाशिवाय घेतलं तर विक्रीचा सगळा कर खिशातून आधी भरा. बिनबिलाच्या दाणेवाल्याशी भावात तुम्ही पुरे पडणार नाही. त्यापेक्षा बिल मागणारं गिऱ्हाईक धरा.

कन्नड तालुक्यातले एक आले उत्पादक : टीव्हीवर सांगतात कच्चं तेल उतरलं. मग पाइप आणि नळी का उतरत नाही? आणि बाजारात निम्म्या भावाची नळी मिळायली, ती घ्यावी का?

भाऊ, तेल आणि नळी यांच्यामध्ये लांबची वाट आहे. तेलापासून नाफ्था, त्यापासून इथिलीन, त्यापासून पीईचा दाणा, मग नळी. शिवाय बाहेरचा माल डॉलरमध्ये. दाणा टनाला ९४० डॉलर आणि डॉलर ८४ रुपयांना असेल तर किलो पडतो ७८ रुपये ९६ पैसे. उद्या दाणा ४० डॉलरनं उतरून ९०० झाला, पण डॉलर ८८ वर गेला, तर किलो होतो ७९ रुपये २० पैसे. तिकडं उतरलं, इकडं चढलं. वर आयात शुल्क लागलं तर ते वेगळंच.

पीव्हीसी पाइपचं तर आणखी वेगळं. पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त क्लोरीन असतं, ते येतं मिठापासून. चीनमध्ये बरंचसं पीव्हीसी कोळशाच्या वाटेनं बनतं. आपला देश गरजेच्या निम्म्याहून जास्त पीव्हीसी बाहेरून आणतो. म्हणून तेल, नळी आणि पीव्हीसी पाइप तिघं तीन दिशांना गेले तरी नवल करू नका. मोटारीचा पाइप घ्यायचा असेल तर पावसाळा सुरू झाल्यावर विचारा. विहिरींची, पाइपलाइनची कामं थांबलेली असतात, दुकानदाराला माल हलवायचा असतो. एप्रिल-मेमध्ये घासाघीस करून काही हाती लागत नाही.

ठिबकवर एक फायदा मात्र झालाय. २२ सप्टेंबर २०२५ पासून ठिबक संचावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, नळीसकट. दुकानदाराच्या बिलावर तो दर बघून घ्या.

निम्म्या भावाची नळी आल्याला नको. आल्याचं पीक आठ-नऊ महिने जमिनीत, बियाण्याचा खर्च तुम्हाला मी सांगायची गरज नाही. रिप्रोची नळी उन्हात कडक होते, वाकवली तिथं चिरते. खारी कुरतडतात ते वेगळंच. आयएस १२७८६ हा लॅटरलचा (पिकाच्या ओळीतल्या नळीचा) भारतीय मानकाचा मार्क नळीवरच छापलेला असतो. अनुदानाच्या योजनेतही मार्काचाच माल चालतो. शंका आली तर तुकडा कापून आतून बोट फिरवा. खरखरीत लागली, धुरकट वास आला, भिंत एका बाजूला जाड आणि दुसरीकडं पातळ दिसली तर उठून चालायला लागा. काळ्या दाण्यावर माझा संसार चालला, म्हणून त्याची बदनामी मी करणार नाही. कुंड्या, घमेली, केबलवरचं आवरण, गोठ्यातल्या पाट्या, तिथं तो चोख काम देतो. दाबाचं पाणी हे त्याचं काम नाही.

परभणी जिल्ह्यातून : टरबूज काढल्यावर मल्चिंगचा (वाफ्यावर अंथरलेला) कागद कुणी फुकटही नेईना. प्लास्टिकच आहे ना ते?

आहे, आणि चांगलं आहे, पण पंचवीस-तीस मायक्रॉनचा पापुद्रा. शेतातून ओढून काढला की प्लास्टिकपेक्षा माती जास्त येते. पंधरा रुपयांनी घेतला आणि निम्मी माती निघाली की कागद तीसला पडला, वर वेलांचे तुकडे वेचण्याची मजुरी. धुवायला पाणी किती लागतं ते विचारूच नका. उन्हाळ्यात, ज्या दिवसांत हा कागद निघतो त्याच दिवसांत, आपल्याकडं प्यायला टँकर असतो. पाणी फिरवून वापरणारी धुलाई ज्यांच्याकडं आहे तेच याला हात लावतात. कागद वाळू द्या, झटका, गुंडाळी करा आणि गावातले चार-सहा जण मिळून एक गाडी भरा. एकट्याच्या गुंडाळीला गिऱ्हाईक मिळणार नाही. पुढच्या वेळी जरा जाड कागद घेतला तर तो फाटत नाही आणि एका ओढीत निघतो. बांधावर पेटवू मात्र नका.

तुळजापूरहून बचत गटाच्या एक ताई : नवरात्रात पाण्याच्या बाटल्या ढिगानं मिळतात. आम्ही बायका गोळा करतो. घेणारा कधी चांगला भाव देतो, कधी एकदम पाडतो. म्हणतो माल मिक्स आहे. कशावर विश्वास ठेवायचा?

ताई, त्याचं निम्मं खरं आहे. पीईटी म्हणजे तुमच्या पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक. या बाटलीला आज दोन गिऱ्हाइकं आहेत. जुनं गिऱ्हाईक धाग्याचं : बाटलीचे फ्लेक्स (बारीक तुकडे) करून पॉलिस्टरचा तंतू काढतात, उशा-गाद्यांत भरतात, सूत करतात. त्याला नवा पॉलिस्टर कितीला मिळतो यावर मर्यादा आहे. नवं गिऱ्हाईक बाटलीपासून पुन्हा बाटली करणाऱ्याचं. खाण्यापिण्याच्या पॅकिंगला रिसायकल पीईटी वापरायची परवानगी मिळाली आहे, आणि शीतपेय-पाणीवाल्यांना ते काही प्रमाणात वापरण्याचं बंधनही नियमात आलं आहे. ज्याला वापरणं भागच आहे तो भावाला एवढा अडून बसत नाही. युरोपात असंच बंधन आल्यावर खाद्य दर्जाचं रिसायकल पीईटी नव्यापेक्षा महाग विकलं गेलं. व्हर्जिनला मागं टाकून दाखवणाऱ्या मोजक्या जातींत ही एक. बाकीच्या बहुतेकांनी अजून नुसतं स्वप्न बघावं.

पण ते गिऱ्हाईक पांढरी (म्हणजे बिनरंगी), स्वच्छ, पाण्याची बाटली मागतं. म्हणून वेचतानाच चार पोती करा : पांढऱ्या पाण्याच्या, हिरव्या-निळ्या, तेलाच्या आणि बाकी. तेलाची एक बाटली पोत्यात गेली की सगळ्या पोत्याला वास. झाकण आणि मानेची कडी वेगळ्या प्लास्टिकची असतात. झाकण-कडी पाण्यावर तरंगते, पीईटी बुडतं, त्यामुळे कारखान्यात ती निघतात. पण झाकणं तुम्हीच काढून वेगळी विकली तर तेही पैसे तुमचे. सगळ्यांत वाईट पीव्हीसी. तेही पीईटीसारखंच बुडतं, म्हणून पाण्यात वेगळं निघत नाही, आणि भट्टीत थोडंसं गेलं तरी सगळा माल पिवळा पडतो, काळे ठिपके येतात. बाटलीला घट्ट चिकटलेली, आवळून बसवलेली वेष्टनं पीव्हीसीची असू शकतात, त्यासाठी ती सोलून टाकायची.

नवरात्रात भाव पडतो त्याचं कारण सोपं आहे, सगळ्यांकडंच माल असतो. बाटल्या दाबून पोत्यात भरून पत्र्याखाली ठेवता आल्या तर महिना-दीड महिना थांबा. जागा नसेल तर निदान दोन गिऱ्हाइकांना फोन करून पांढऱ्या पोत्याचा वेगळा भाव विचारा. 'मिक्स'चा एकच भाव सांगणारा ते पुढं निवडूनच विकतो आणि निवडायची मजुरी तुमच्याकडून वसूल करतो.

वाळूजचे एक कारखानदार : ऑइलचे पाच लिटरचे डबे ब्लो करतो, म्हणजे साच्यात हवेनं फुगवून बनवतो. कंपनी म्हणते आता ३० टक्के रिसायकल घाला. पण भाव मात्र जुनाच देणार. रिसायकल स्वस्त असतं ना, असं त्यांचं म्हणणं.

त्यांना माझं हे उत्तर कापून पाठवा. १६ फेब्रुवारी २०२२ च्या प्लास्टिक कचऱ्याच्या नियमांत पॅकिंगच्या कडक प्लास्टिकला २०२५-२६ साठी ३० टक्के रिसायकल सांगितलंय, दरवर्षी दहानं वाढत २०२८-२९ ला ६०. लवचिक प्लास्टिकला ते १० पासून २० पर्यंत जातं. बंधन ब्रँडवाल्यावर आहे, पण जाच तुमच्या मशीनला. आणि नियम पॅकिंगपुरता आहे. बादली-खुर्चीवाल्यांना तो लागू नाही, म्हणून ते स्वस्तातलं घेत राहतील आणि तुमच्याशी भंगारासाठी भांडतीलही.

डब्याला लागतो तो ब्लो ग्रेडचा एचडीपीई (पीईचीच कडक जात), घट्ट वाहणारा. बाजारात एचडी म्हणून मिळणाऱ्या दाण्यात क्रेट, बादल्या, झाकणं सगळं असतं, ते पातळ वाहतं. ते घातलं की साच्यात शिरायच्या आधीच वितळलेल्या मालाची नळी लोंबते, डब्याचा खांदा पातळ होतो. पीपी मिसळलेलं असेल तर तळाच्या जोडावर फुटतो, तेही गिऱ्हाइकाच्या गोडाऊनमध्ये. म्हणून फक्त डबे-कॅनपासून काढलेला दाणा मागा, प्रत्येक लॉटचा मेल्ट फ्लो (वितळल्यावर किती वाहतो) आणि जाळल्यावर उरणारी राख किती ते लिहून घ्या, आणि दाणेवाला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडं नोंदलेला आहे का बघा. नाहीतर ब्रँडवाल्याला त्या टक्क्यांचा कागदावर उपयोग नाही. असा दाणा स्वस्त नसतो. व्हर्जिन पडलेलं असताना तो त्याच्या जवळ जाऊन बसतो, आणि जाणारच. निवडणं, गरम धुलाई, तेल काढणं, तपासणी यांचा खर्च व्हर्जिनच्या दरपत्रकाप्रमाणं कमी होत नाही. कंपनीला सांगा, डब्याचा भाव आणि दाण्याचा भाव वेगळा लिहा, दाण्याचा जो असेल तो बिलाप्रमाणं. ऐकतील असं नाही, पण बोलणी तिथून सुरू करा.

परभणीचे एक व्यापारी : युद्धाच्या बातम्या आल्या की सगळे म्हणतात तेल भडकणार. दहा टन व्हर्जिन भरून ठेवू का?

नको. मार्च २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धानं तेल १२० डॉलरच्या वर गेलं, लोकांनी गोडाऊन भरली, आणि त्याच वर्षी पावसाळ्यापर्यंत दाणा खाली आला, कारण चीनमधली मागणीच बसली होती. तेल चढलं तरी बादली घेणारा हवा. दहा टन शंभरच्या भावानं म्हणजे दहा लाख, वर जीएसटी एक लाख ऐंशी हजार. वर्षाला बारा टक्के व्याज धरलं तर महिन्याला ११,८०० रुपये, म्हणजे किलोला एक रुपया अठरा पैसे. तीन महिने थांबलात तर साडेतीन रुपयांची तेजी नुसती बरोबरीला येण्यासाठी लागते, गोडाऊनचं भाडं आणि फाटलेल्या बॅगा सोडून. भाव पडला तर कंपन्या आपल्या ठरलेल्या डीलरांना कधी काही भरपाई देतात, ती तुमच्यापर्यंत येत नाही. पंधरा दिवस पुरेल एवढा माल ठेवा. आणि उधारी किती दिवसांची देता ते पुढच्या पत्रात लिहा, मला वाटतं खरी गळती तिथं असेल.